काउंटरच्या या बाजूला

सोलापुरात कुणालाही सांगितलं की मी वाचनालयात ग्रंथपाल आहे, की समोरचा माणूस हमखास खूश होतो. "भारीच की मॅडम, दिवसभर पुस्तकं वाचायची आन् वर पगार पण!" बोलणारी माणसं मनानं चांगली असतात, त्यांना खरंच हेवा वाटत असतो, त्यामुळे राग येत नाही. पण हे लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत, अगदी सख्ख्या मावशीकडून सुद्धा इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं आता एकदा सविस्तर लिहूनच टाकू. तर पहिली गोष्ट, कामाच्या वेळेत मी पुस्तक वाचत नाही. वेळच नसतो. बाकीचे सभासद नेतात तसं मी पण माझ्या कार्डावर नोंद करून घरी नेते आणि रात्री झाकपाक आटोपली की वाचते.

दुसरा प्रश्न मात्र मनाला लागतो. "ह्याला शिक्षण लागतं होय?" लागतं. ग्रंथपालनाचा सर्टिफिकेट कोर्स असतो, मग बी.लिब., एम.लिब. ह्या पदव्या, आणि कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर प्राध्यापकासारखीच नेट नाहीतर सेट ही पात्रता परीक्षा पास व्हावी लागते, पगारही यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या स्केलनं असतो. हे कॉलेजातल्या कित्येक प्राध्यापकांनाच माहिती नसतं, मग बाहेरच्यांना काय बोलणार. शाळेत तर आणखी वेगळं चित्र. माझी एक मैत्रीण शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे, कुणी शिक्षक रजेवर गेले की "बाई, तुम्ही रिकाम्याच आहात, जरा ऑफ तास घ्या" असं होतं, मग पोषण आहाराच्या नोंदी, परीक्षेचे गठ्ठे, गॅदरिंगची वर्गणी. लायब्ररीच्या दाराला कुलूप. पोरांना वाटतं लायब्ररी म्हणजे ती कुलूपवाली खोली, आणि मोठेपणी हीच पोरं वाचनालयाच्या कमिटीवर येतात.

आता गंमत अशी की ज्यांना आपण भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतो, ज्यांच्या जयंतीला, १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिन करतो, त्या डॉ. एस. आर. रंगनाथनांना सुद्धा सुरुवातीला हेच वाटलं होतं. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि आठवडाभरातच इतके वैतागले, की इथे काही कामच नाही, नुसतं बसून राहायचं, मला माझी शिकवायची नोकरी परत द्या म्हणून आपल्या आधीच्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. तेव्हा असं ठरलं की आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, परत आल्यावरही असंच वाटलं तर बघू. ते गेले, तिथल्या लायब्ऱ्या एकामागून एक पाहत फिरले, कष्टकरी माणसं, बायका, लहान पोरं तिथे येऊन पुस्तकं नेतात, कुणीतरी त्यांना हवं ते शोधून देतं, हे पाहिलं, आणि परत आल्यावर पुढं वीस वर्षं त्याच मद्रासच्या लायब्ररीत राहिले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. मी नवीन होते तेव्हा हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, पण काउंटरला बसायला लागल्यावर त्या तीन ओळींचा अर्थ रोज थोडा थोडा कळत गेला.

लोकांना दिसतं ते फक्त शेवटचं अर्धं मिनिट. पुस्तक हातात आलं, नोंद केली, तारीख टाकली, गेले. त्याच्या आधी काय झालं ते कुणी बघत नाही, कारण ते दिसण्यासारखं नाहीच.

एक उदाहरण सांगते. एक पोरगा आला, चोवीस-पंचवीसचा असेल, कपड्यांवर सुताचे बारीक तंतू चिकटलेले. दारातच उभा. म्हणाला, "मॅडम, चित्रकलेचं पुस्तक हाय का?" आता ह्या प्रश्नाला "आहे, तिकडं तिसरं कपाट" म्हणून मोकळं होता येतं. पण मी विचारलं, कशाला हवंय? तो बिचकला. लोकांना वाटतं ह्या बाई उगाच चौकशा करतात. मी म्हटलं, अरे लहान पोरांच्या चित्रकलेची पण पुस्तकं आहेत, मोठ्या चित्रकारांची पण आहेत, कुठलं देऊ? मग म्हणाला, "चित्र काढायचं न्हाई. मोर पायजे." कसला मोर? "डिझाईनला." हळूहळू कळालं, तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे मागावर विणतानाच उठणाऱ्या नक्षीची, डिझाईनं कॉम्प्युटरवर बनवायचं काम करायलाय, आणि मालकानं सांगितलंय की जरा जुन्या पद्धतीचा मोर आण, वेगळा दिसला पाहिजे. मी म्हटलं नेटवर बघितलंस का? तर म्हणाला, "नेटवरचा मोर सगळ्यांच्याच टॉवेलावर हाय की मॅडम."

आता बघा. आमची पुस्तकं विषयाच्या नंबरानं लावलेली असतात. मोर हा पक्षी म्हणून ५९८ मध्ये असतो. नक्षी म्हणून ७४५ मध्ये. भरतकामात, कशिद्यात मोर हवा असेल तर ७४६. देवळाच्या खांबावर कोरलेला मोर हवा असेल तर ७२६, मंदिरांची वास्तुकला. आणि विणकाम स्वतः ६७७ मध्ये, कपाटांच्या पार दुसऱ्या टोकाला. हे मेल्विल ड्युई ह्या अमेरिकन ग्रंथपालाचं दशांश वर्गीकरण, १८७६ पासून जगभर चालतंय, आमच्याकडेही पुस्तकाच्या पाठीवर जो छोटा कागद चिकटवलेला असतो आणि ज्याला लोक "तो नंबर" म्हणतात, तो हाच. त्या पोराला जे हवं होतं ते "चित्रकला" ह्या कपाटात नव्हतंच. भरतकामाची दोन जुनी पुस्तकं, एक मंदिरांच्या शिल्पांचं फोटोंचं जाडजूड पुस्तक, आणि एका बंद पडलेल्या मासिकाचे बांधीव अंक, ज्यात पैठणीच्या काठापदरावर लेख होता, एवढं काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. मासिकातला तो लेख कुठल्याही सूचीत नव्हता, अंक बाइंडिंगला पाठवताना चाळला होता म्हणून लक्षात होता. तो दुपारभर बसला, मोबाईलवर फोटो काढले, वहीवर चौकटी पाडून काहीतरी उतरवत होता. जाताना म्हणाला "बरं झालं मॅडम". पुढं त्याच्या टॉवेलचं काय झालं मला माहीत नाही. आमच्या कामात बहुतेकदा शेवट कळतच नाही, माणूस हवं ते घेऊन जातो आणि ते काम त्याच्या घरी, दुकानात, कोर्टात, दवाखान्यात कुठंतरी पूर्ण होतं.

ह्याला आमच्या भाषेत संदर्भ सेवा म्हणतात. माणूस जे मागतो आणि त्याला जे हवं असतं त्यात अंतर असतं, ते अंतर त्याला न दुखावता, त्याचं खासगी न उकरता पार करायचं. काही वेळा अजिबात विचारायचं नसतं. कुणी खाली मान घालून किडनीच्या आजारावरचं पुस्तक मागतं, कुणी बाई घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक काढून तिथेच कोपऱ्यात उभ्या उभ्या वाचते आणि घरी न नेता परत ठेवते. अशा वेळी गप्प बसून फक्त त्या कपाटापाशी बरी खुर्ची आणि चालू फॅन आहे ना एवढं बघायचं. आणि कोण काय वाचतं हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, अगदी ओळखीच्या माणसानं "आमची पोरगी काय काय वाचायलीय हो हल्ली?" असं सहज विचारलं तरी. हा सगळा भाग कुठल्या रजिस्टरमध्ये येत नाही. वार्षिक अहवालात फक्त देवघेवीचा आकडा येतो.

आणि सोलापूर म्हटलं की एका भाषेत भागत नाही. शहराच्या पूर्व भागातनं येणारे आजोबा मराठीत बोलतात, घरात तेलुगू बोलतात आणि वाचायला कधी मराठी कधी तेलुगू मागतात. अक्कलकोट, इंडीकडचे लोक कन्नड मागतात. उर्दू शाळेतली पोरं येतात, मराठीचं गोष्टीचं पुस्तक घेतात, पण सोपं हवं असतं, आणि त्यांना "लहान पोरांचं" दिलं की अपमान वाटतो, वय चौदा-पंधरा असतं ना. त्या वयाला मजकूर सोपा पण विषय मोठ्यांचा असं पुस्तक कुठलं, हे डोक्यात तयार असावं लागतं. जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांतच, १२ तारखेला हुतात्मा दिन येतो. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातनं रोज जाणाऱ्या पोरांना सुद्धा भाषणासाठी माहिती हवी असते, आणि येतात ती मोबाईलवरचा एक फॉरवर्ड घेऊन, सगळ्यांकडे तोच, त्यात एक चूक असेल तर तीच चूक सगळ्यांच्या भाषणात. त्यांच्यापुढे दोन वेगवेगळी पुस्तकं ठेवायची, हे बघ इथं काय लिहिलंय, तिथं काय लिहिलंय, आणि तूच ठरव. एखादं पोरगं तिथं अडकतं, प्रश्न विचारायला लागतं, तेव्हा मला फार म्हणजे फार आनंद होतो.

"आता गुगल आहे, लायब्ररी कशाला" हे वाक्यही रोजचंच. त्याचं उत्तर मोरवाल्या पोरानं देऊन टाकलंय, मी वेगळं काही सांगत नाही.

आता पुस्तक कपाटात येण्याआधी काय होतं ते. लोकांना वाटतं दुकानातनं आणलं, ठेवलं. आधी बिलाशी ताडून बघायचं, पानं मोजायची नाहीत पण उलटी-सुलटी, कोरी, फाटकी आहेत का ते चाळायचं. मग दाखल नोंदवहीत नोंद, प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक, तो क्रमांक परत दुसऱ्या पुस्तकाला कधीही द्यायचा नाही, पुस्तक हरवलं तरी. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर शिक्का, आणि आत एका ठरलेल्या पानावर पण शिक्का, प्रत्येक वाचनालयाचं हे गुप्त पान वेगळं असतं. कुणी पहिली पानं फाडून पुस्तक रद्दीत विकलं तरी त्या पानावरनं पुस्तक कुणाचं ते ओळखता येतं. मग वर्गांक, म्हणजे तो विषयाचा नंबर, ठरवायचा, पाठीवर चिठ्ठी, मागे तारखेची पट्टी, आणि कॉम्प्युटरवर नोंद. वर्गांक ठरवताना डोकं चालवावं लागतं. शेतकऱ्याचं आत्मचरित्र शेतीत ठेवायचं का चरित्रात? जिथं ठेवाल तिथंच ते सापडणार आणि दुसरीकडे शोधणाऱ्याला ते नाही म्हणून सांगितलं जाणार. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता, नाटक, कादंबरी वेगळी, आमच्याकडे अर्धी लायब्ररी ह्याच नंबराखाली आहे, त्यामुळे तिथं लेखकाच्या नावाची अक्षरं चुकली की पुस्तक गेलंच म्हणून समजा. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक चोरीला गेलेल्या पुस्तकाइतकंच हरवलेलं असतं, उलट जास्त, कारण रजिस्टरमध्ये ते आहे.

म्हणून सगळ्या पुस्तकांची मोजणी करावी लागते. ती बहुतेक उन्हाळ्यात, कारण परीक्षा संपलेल्या असतात. सोलापूरचा मे, बाहेर ४२-४३ डिग्री, वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला, आणि फॅन जोरात लावता येत नाही कारण जुन्या पुस्तकांची पानं उडतात, तुटतात. शिपाई मामा शिडीवर चढून क्रमांक ओरडतात, मी खाली टिक करते. कसर लागलेली पुस्तकं बाजूला, वाळवीची तर लगेच बाहेर, बाइंडिंगला जायची वेगळी. बाद करायची पुस्तकं हा सगळ्यात कठीण भाग. कुठलं पुस्तक कायमचं काढून टाकायचं हे ठरवायला मला रात्री झोप येत नाही, हे मी अगदी खरं सांगतेय. दहा वर्षांत एकदाही कुणी नेलं नाही म्हणून काढलं आणि अकराव्या वर्षी कुणी त्याच्यासाठी मंगळवेढ्याहून एसटीनं आलं तर?

गेल्या काही वर्षांत आणखी एक समज वाढलाय, की वाचनालय म्हणजे अभ्यासिका. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, ह्या पोरांना जागा हवी, खुर्ची हवी, चार्जिंगला प्लग हवा, वायफाय हवं. मला ती पोरं मनापासून आवडतात, सकाळी दार उघडायच्या आधी उभी असतात, कुणी माढ्याचं, कुणी सांगोल्याचं, खोली करून राहणारं, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्यांना जागा मिळालीच पाहिजे. पण त्यामुळे ग्रंथपाल म्हणजे लाईट-फॅन बघणारी, "शांतता राखा" म्हणणारी, जागेवरनं भांडण झालं की सोडवणारी, एवढंच उरलं. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, तू इतके महिने येतोस, आतलं कपाट कधी बघितलंस का? तो म्हणाला, "मॅडम, आत जायला परवानगी लागती ना?" त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला राज्यघटनेवरचं एक जरा जाड पण छान समजावून सांगणारं पुस्तक दिलं, नोट्स-गाईडमध्ये नसतं असं. आता त्याचे तीन मित्र त्याच पुस्तकासाठी नंबर लावून आहेत.

आता पैशाचं बोलते, कारण लोकांचा समज आणि पैसा ह्यांचा थेट संबंध आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. गावागावातली छोटी वाचनालयं बहुतेक ड वर्गात. त्यांना २०२२ च्या वाढीआधी वर्षाला ३० हजार मिळायचे. वर्षाला. त्यातले साधारण निम्मे पगारावर. म्हणजे १५ हजार भागिले १२, महिन्याला साडेबाराशे. नंतर ६० टक्के वाढ झाली, त्याचं स्वागतच, पण त्या वाढीनंतरचा हिशोब केला तरी महिन्याला दोन हजाराच्या आसपासच यायचा. ह्या पैशात कुणीतरी रोज दार उघडतं, झाडतं, पेपर लावतं, नोंदी ठेवतं, तपासणीला रजिस्टर दाखवतं, आणि एखाद्या पोराला हवं ते पुस्तक शोधून देतं. आणि हे अनुदान वेळेवर येतं असंही नाही. तरी राज्यात अशी वाचनालयं हजारोंनी चालू आहेत, आणि ती चालू आहेत ती ह्या माणसांच्या जीवावर.

"बसायचं तर काम आहे" असं एकदा डोक्यात बसलं की पुढचं आपोआप होतं. ग्रंथपाल निवृत्त झाला की जागा भरायची कशाला, शिपाई आहे की. शिपाई नाही तर कमिटीतल्या कुणाचा तरी भाचा रिकामा आहे. तो भाचा बिचारा प्रामाणिक असतो, पण त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं, मग पुस्तकं आली तशी रचली जातात, वर्गांक बंद, सूची बंद, दोन-चार वर्षांत पुस्तकं असून सापडत नाहीत, वाचक येईनासे होतात, आणि मग तेच लोक म्हणतात, बघा, हल्ली कोण वाचतंय. मी हे एका ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय, चांगलं भरलेलं वाचनालय होतं. लोकांनी वाचन सोडलं म्हणून ते बंद पडलं असं मी कधीच मान्य करणार नाही. दिवाळी अंकांची योजना सुरू झाली की आमच्या काउंटरला आजही नंबर लागतात, आज्ज्या, बँकेतनं निवृत्त झालेले काका, दोन-दोन अंक बदलून न्यायला सायंकाळी येतात, "तो अंक आला का हो ताई परत?" म्हणून रोज विचारतात. वाचणारी माणसं आहेत.

१२ ऑगस्टला लोक गुलाबाचं फूल देतात, फोटो काढतात, ते छानच वाटतं. पण खरंच काही करायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. एक, काउंटरला येऊन विचारा. नाव आठवत नसेल, विषय नीट सांगता येत नसेल, लाज वाटत असेल, तरी विचारा, अर्धवट प्रश्न आम्हाला चालतात, तेच आमचं काम आहे. आणि दुसरी, ही महत्त्वाची. तुम्ही कुठल्याही सार्वजनिक वाचनालयाचे सभासद असाल तर वर्षातनं एकदा वार्षिक सर्वसाधारण सभा होते, नोटीस दाराशेजारच्या बोर्डावर लागते, त्या सभेला या. दरवर्षी तेच मोजके चेहरे असतात. तिथं उठून विचारा की ह्या वर्षी ग्रंथखरेदीवर किती खर्च झाला, ग्रंथपालाची जागा भरलेली आहे का, ती व्यक्ती प्रशिक्षित आहे का, तिला पगार किती मिळतो, मोजणी शेवटची कधी झाली. आम्ही नोकर माणसं, आम्ही विचारलं तर स्वतःसाठी भांडतात असं होतं. सभासदानं विचारलं तर उत्तर द्यावं लागतं आणि ते इतिवृत्तात लिहावं लागतं.